तबीथा शिस्त राखते

एका गावात एक भोळी सून होती. तबीथा तिचं नाव. सासरे तिथल्या चर्चचे पाळक. त्यांच्या मंडळीला पवित्र आत्म्याची दानं भरपूर, आणि ती सगळी एकाच वेळी यायची. कोणी कुणालाच न कळणाऱ्या अन्य भाषेत बोलायचं, कोणी भाकीत सांगायचं, कोणी मध्येच गाणं धरायचं. चर्चचे पंच वैतागले. जिल्ह्यातल्या सगळ्या चर्चवर देखरेख करणाऱ्या सातपुतेसाहेबांना त्यांनी कळवलं. साहेब नाताळाआधी येऊन बघणार होते. गोंधळ दिसला की दानं कायमची बंद.

सासऱ्यांना दानंही हवी होती आणि शिस्तही. ते सुनेला म्हणाले, "बाळ, दारापाशी उभी राहा. एका वेळी एकच बोलेल एवढं बघ."

"हो पप्पा," तबीथा म्हणाली. सासरी आल्यापासून भाकऱ्यांखेरीज तिला मिळालेलं हे पहिलंच काम. तिने पदर खोचला.

रविवारी सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. तबीथा धावतच पुढे गेली.

"थांबा! एका वेळी एकच. आधी सीलासमामा, मग त्यांच्या शेजारचे."

सीलासमामांनी म्हटली. शेजारच्यांनी म्हटली. मागच्या बाकांपर्यंत पाळी येईतो ऊन कललं, आणि घरोघरी चुलीवरचं कालवण करपलं.

"अगं, सगळ्यांना येतं ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं!" सासरे म्हणाले. "अडवायचं ते न कळणारं. कोणी तसं बोललं तर विचार, अर्थ कोण सांगणार? सांगणारा नसेल तर बसव खाली."

"असं होय! मग आधी सांगायचं ना, पप्पा."

पुढच्या रविवारी मार्थाबाईंचं तान्हं रडायला लागलं. तबीथा जाऊन उभी राहिली.

"याचा अर्थ कोण सांगणार?"

"भूक लागलीय त्याला," मार्थाबाई म्हणाल्या.

अर्थ लागला. मार्थाबाई बाळाला पदराखाली घेऊ लागल्या, तर तबीथाने त्यांचा हात धरला. "राहू द्या. त्याचं पुरं होऊ द्या."

त्याचं पुरं झाल्यावर सासरे संदेश द्यायला उभे राहिले. सात शिंगं, सात डोळे, सात शिक्के असं बरंच काही सांगत होते. तबीथाने हळूच विचारलं, "सीलासमामा, कळतंय का?"

"छे गं पोरी. इतक्या वर्षांत कधी कळलंय?"

"दुसरं कोणी अर्थ सांगणारं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"पप्पा," तबीथा म्हणाली, "बसा."

त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. हात जोडून म्हणाले, "बाई, मला नको बसवूस. तू आता फक्त मोज. आत्म्याने भरलेले दोघे बोलतील, फार तर तिघे, तेही पाळीने. कोणी थरथरलं, ओरडलं, उड्या मारल्या तरी घाबरू नकोस. पण चौथा उठला की मात्र त्याला खाली बसव. मग तो कोणीही असो."

"कोणीही?"

"कोणीही!"

साहेब आले. लांब पांढरा झगा घालून पुढच्या खुर्चीत बसले. सीलासमामा अन्य भाषेत बोलले. ते थांबल्यावर मार्थाबाईंनी अर्थ सांगितला. मग एका म्हाताऱ्याने भाकीत सांगितलं आणि तो आपणहून खाली बसला. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. सासऱ्यांचे डोळे भरून आले. तबीथाने तीन बोटं घट्ट मिटून धरली होती.

साहेब खूश होऊन उठले. "मंडळी, मी बंदीच घालायला आलो होतो. पण आज जे पाहिलं त्यावरून माझा निर्णय असा की—"

तेवढ्यात खिडकीतून एक गांधीलमाशी आली आणि साहेबांच्या गळ्याशी झग्यात शिरली.

साहेब थरथरले. साहेब ओरडले. साहेबांनी उड्या मारल्या. माशी पाठीवरून खाली खाली निघाली. पंच मदतीला धावले, पण तबीथा त्यांच्याही आधी पोचली. दोन्ही खांदे धरून तिने साहेबांना खुर्चीत गच्च दाबून बसवलं.

"साहेब," ती अदबीने म्हणाली, "आजचे तिघे झाले. तुमचं पुढच्या रविवारी."