कर्नलसाहेबांचा पहिला प्रश्न

"तीन वर्षं दिल्लीत खासदार, आणि संसदेत एक प्रश्न विचारला नाही!" गजरा दुधाची चरवी पायरीवर आदळत म्हणाली. "अहो साहेब, रेल्वे आमचं फाटक कायमचं बंद करतेय. शाळा पलीकडं, दवाखाना पलीकडं. पोरींनी रोज चार मैलांचा वळसा घालायचा? विचारा की सरकारला!"

निवृत्त कर्नल रणोजीराव कणसे यांनी मिशी सारखी केली. "फौजेत चौतीस वर्षं काढली. सैनिक हुकूम देतो, हुकूम पाळतो. प्रश्न विचारत नाही!"

हे अगदी खरं होतं. साहेब कधी 'किती वाजले?' म्हणत नसत, 'वेळ सांगा!' म्हणत. मुलगी पाहायला गेले तेव्हासुद्धा 'पसंत आहे का?' असं न विचारता ते म्हणाले होते, "नापसंती असेल तर हात वर करा."

"दोन्ही हातांत पोह्यांचा ट्रे होता," बाईसाहेब आतून म्हणाल्या. "वर करणार कशी!"

साहेब गालात हसले. "गजराबाई, आठ दिवस देतो. माझ्या तोंडून एक प्रश्न काढून दाखवा. लगेच संसदेत तुमच्या फाटकाचा विचारीन. नाही जमलं, तर फाटकाचं नाव या अंगणात पुन्हा काढायचं नाही."

"कबूल!" गजरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं दुधात निम्मं पाणी घातलं. साहेबांनी एक घोट घेतला. "तुमच्या विहिरीचं पाणी गोड आहे. उद्या त्यात थोडं दूधही घाला."

मग तिनं व्हरांड्यात रेडकू आणून बांधलं. साहेबांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "पाहुण्यांना चारा द्या."

पाचव्या दिवशी ती धावत आली, "साहेब, दिल्लीहून निरोप आलाय!" असं म्हणाली आणि गप्प बसली. साहेबही गप्प. अर्ध्या तासानं ते म्हणाले, "बोला."

आठव्या दिवशी दुपारी गजरा रिकामी चरवी न्यायला आली. साहेब जास्वंदीच्या कुंपणाशी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मिशी श्वासाबरोबर वरखाली होत होती. गजरा बघत राहिली. तिचे अण्णा हवालदार होते. शेवटच्या आजारात तेही असेच पडून असायचे. दाराशी पाऊल वाजलं की डोळे न उघडताच पहारेकऱ्याची हाक द्यायचे, आणि गजरानं ठरलेलं उत्तर दिलं की पुन्हा शांत झोपायचे. गेल्या चैत्रापासून ते उत्तर द्यायची वेळ आली नव्हती.

ती हळूच कुंपणामागं गेली आणि वाळक्या पाचोळ्यावर पाय दाबला. कर्रर्र!

साहेब ताडकन उभे राहिले. छाती पुढं, आवाज पहाडी. "थम! कौन आता है?"

"दोस्त!" गजरानं खणखणीत उत्तर दिलं आणि बाहेर आली. "साहेब, हा झाला प्रश्न!"

"छे! हा पहारा आहे!"

"मी उत्तर दिलं ना? मग प्रश्न होताच."

"मी झोपेत होतो! झोपेतलं बोलणं धरायचं नाही."

"बरं." गजरानं चरवी उचलली. "तसं लिहून द्या. 'मी, कर्नल कणसे, पहाऱ्यावर झोपलो होतो.' खाली सही करा. मी फाटकाचं नाव काढणार नाही."

"कागद आणू का?" आतून बाईसाहेबांनी विचारलं.

साहेबांनी एकदा कुंपणाकडं पाहिलं, एकदा गजराकडं, आणि असे गडगडून हसले की जास्वंदीतल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. "बाईसाहेब, कागद नको, बॅग भरा! आणि गजराबाईंना नवं लुगडं द्या. त्याही येताहेत दिल्लीला!"

पुढच्या सोमवारी संसदेत रणोजीराव उठले आणि त्याच पहाऱ्याच्या आवाजात गरजले, "आमचं फाटक बंद करायचं कुणी ठरवलं?"

सगळं सभागृह दचकलं. "उघडं राहील! उघडंच राहील!" रेल्वेमंत्री गडबडीनं म्हणाले.

वर प्रेक्षकांच्या सज्जात, नव्या लुगड्याचा पदर सावरत, गजरा हळूच म्हणाली, "दोस्त."