सायाळीने बुजवलेले बीळ

मुलांनो, ज्या डोंगराची ही गोष्ट आहे, तेथील जमीन अधूनमधून हलत असे आणि उन्हाळ्यात तेथे वणवेही लागत. त्या डोंगराच्या उतारावर एक सायाळ आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. मोठ्या खडकाखालचे ते खोल बीळ तिने स्वतःच्या नखांनी खणले होते. जमीन जराशी थरथरली की पिल्ले दचकून तिच्या पोटाशी येत. मग ती म्हणे, "काही नाही रे, डोंगर कूस बदलतोय. झोपा." आणि पिल्ले निर्धास्त झोपत.

पावसाळा नुकताच सरला होता. एका संध्याकाळी सायाळ कंद उकरायला ओढ्याकाठी गेली. झाडांवरची सगळी पाखरे एकाएकी ओरडत उडाली, आणि सुपात धान्य पाखडावे तशी पायाखालची जमीन तिला वर-खाली फेकू लागली. कड्यावरून दरडी कोसळल्या. ओढ्याचे पाणी पाहता पाहता लालभडक गढूळ झाले. हादरा थांबताच सायाळ घराकडे धावत सुटली. पाहते तो बिळाचे तोंड होते तेथे नुसता मातीचा ढीग! ती वेड्यासारखी उकरू लागली. पहिले पिल्लू हाती लागले ते मातीने माखलेले होते, पण धापा टाकत होते. दुसरे तोंडापाशीच, ढिगाच्या तळाशी सापडले. त्याचे अंग गार पडले होते. सायाळ त्याला चाटत राहिली, नाकाने हलवत राहिली. ते उठत नाही, हे तिच्या ध्यानातच येईना. तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी वाचलेले सारे प्राणी माळावर जमले. ससा थरथरत म्हणाला, "आता कोणी बिळात राहायचे नाही. माळावर डोक्यावर कोसळायला काही नाही. येथेच राहू."

"तेवढ्याने भागणार नाही," सायाळ म्हणाली. "सगळी बिळे बुजवून टाका. पोरे चुकूनसुद्धा आत जाता कामा नयेत."

एक म्हातारी घोरपड हळूच म्हणाली, "अगं, पण उन्हाळ्यात या माळावरचे गवत..."

"तुझे पोर गेले का मातीखाली?" सायाळ कडाडली. घोरपडीने मान खाली घातली. त्या आईपुढे आणखी बोलायचा धीर कोणालाच झाला नाही. सर्वांनी मिळून दगड, माती आणि काटेरी फांद्या कोंबून एकेक बीळ बंद केले. खडकाखालचे बीळ मात्र सायाळीने एकटीने बुजवले.

हिवाळा सुखाने गेला. जमीन दोन-चारदा हलली, पण उघड्या माळावर कोणाला ओरखडाही उठला नाही. "बघा, मी म्हणत नव्हतो?" असे ससा ज्याला त्याला सांगू लागला. मग ऊन तापले. हिरवे गवत पिवळे पडले, आणि चालताना पायाखाली करकर वाजू लागले. एका दुपारी खालच्या दरीतून धूर वर आला. वाऱ्याने दिशा बदलली आणि माळाच्या कडेला जाळ दिसला. एका कडेला होता, तो बघता बघता तीन कडांना पोचला. चौथ्या बाजूला उतार होता आणि त्याच्या टोकाला तुटलेला कडा.

सायाळ जागच्या जागी खिळून राहिली. ज्या माळावर आपल्याला कसलेच भय नाही असे तिला वाटत होते, तोच माळ पेटला होता! "आई, कुठे जायचे?" पिल्लू रडत विचारत होते. जायची एकच जागा होती, आणि ती तिने स्वतःच्या हातांनी बंद केली होती.

"उकर!" कोणीतरी ओरडले. ती घोरपड होती. उताराच्या खडकापाशी पोचून ती आपल्या नखांनी फांद्या ओढत होती. बाकीचे प्राणी आपापली बिळे उकरायला पांगले. सायाळ खडकाकडे धावली. काटे, दगड, माती जे हाती येईल ते ती मागे भिरकावू लागली. तिच्या नखांतून रक्त आले, पण बीळ मोकळे झाले. पिल्लू आत शिरले, ससा शिरला, त्याच्यामागे घोरपड सरपटत गेली. सायाळ मात्र तोंडापाशीच अडखळली. आपले दुसरे पिल्लू तिला सापडले होते ती जागा हीच! पाय उचलेना. "आई, ये ना गं!" आतून हाक आली. डोळे घट्ट मिटून तिने स्वतःला आत लोटले आणि जाळाकडे पाठ करून वाट अडवून बसली.

बाहेर आग घोंघावू लागली. तिच्या शेपटीकडचे काटे करपले. आणि त्याच वेळी जमीन थरथरली. छतावरून माती गळू लागली.

"कोसळले! पळा!" ससा किंचाळला.

"थांब! बाहेर आग आहे!" सायाळ ओरडली. तिचे सारे अंगही पळायलाच सांगत होते. तरी तिने पिल्लाला छातीशी दाबून धरले. "हादरा लहान आहे. खडक जागचा हललेला नाही. कोणी हलू नका!"

पण सशाला काहीच ऐकू येत नव्हते. भेदरलेला तो जीव सायाळीच्या काट्यांतून ओरबाडत, रक्तबंबाळ होत वाट काढून बाहेर सुटला. "अरे, नको!" असे ती म्हणेपर्यंत तो जाळात दिसेनासा झाला.

जमीन शांत झाली. थोड्या वेळाने आगही पुढे निघून गेली. सगळे बाहेर आले तेव्हा माळ काळा पडला होता. सायाळ घोरपडीला म्हणाली, "तू तेव्हा सांगत होतीस. मी तुला बोलू दिले नाही."

घोरपड म्हणाली, "तुझे दुःखच तेवढे मोठे होते, बाई. पण मीही गप्प बसायला नको होते."

त्या पावसाळ्यात सायाळीने नवे बीळ खणले. त्याला तिने दोन तोंडे ठेवली आणि दोन्ही तोंडांपुढचे गवत ती मुळापासून कुरतडून काढू लागली. जमीन हलली की आता ती पिल्लाला झोपायला सांगत नसे. त्याला उठवून ती विचारी, "आधी बाहेर बघ. काय दिसते?" पिल्लू डोके बाहेर काढून नीट बघे, वास घेई, आणि मगच दोघे ठरवत, की आत थांबायचे की बाहेर पडायचे.

तात्पर्य : कालच्या संकटाच्या धास्तीने आजच्या संकटाकडे डोळेझाक करू नये, समोर जे आले आहे ते नीट पाहून पाऊल उचलावे, आणि सुटकेच्या वाटा आधीच मोकळ्या ठेवाव्यात.