हनुवटीखालचं बोट

“मग आता तरी घालू ना नळी?”

सुयोगने हातमोजे चढवलेही होते. समोर उबेच्या पाळण्यात पोपेरेबाईंची मुलगी कण्हत होती. दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेली, ओंजळीत मावेल एवढी. प्रत्येक श्वासाला छाती खोल आत जात होती.

डॉ. तांबोळी पाळण्यावर वाकल्या. नवजात बाळांच्या या अतिदक्षता विभागातच त्यांचे केस पांढरे झाले होते.

“दमलीय ती, मॅडम. श्वासनलिकेत नळी टाकतो, व्हेंटिलेटर लावू. माझा हात आजवर चुकलेला नाही.”

“माहीत आहे... त्याचीच धास्ती वाटते मला.”

सुयोगचे कान तापले.

“बाटलीकडे बघ,” त्या म्हणाल्या.

मुलीच्या नाकात बसवलेल्या इवल्या नळ्यांतून दाबाची हवा जात होती. त्या हवेच्या वाटेचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. दाब टिकला की पाण्यात बुडबुडे येतात. ते थांबले होते. मुलीचं तोंड उघडं पडलं होतं, हवा तिथूनच निसटत होती.

हे काही त्याला नवीन नव्हतं. फक्त घाईत दिसलं नव्हतं.

“सामान जवळ राहू दे. वेळ आलीच तर तूच घाल. तोवर... हात दे इकडे.”

त्यांनी त्याचं बोट मुलीच्या हनुवटीखाली टेकवलं. ओठ मिटले. बाटलीत एक बुडबुडा आला... मग दुसरा... मग पाणी खदखदू लागलं.

“दाबू नको. नुसतं धर.”

दुपार कलली. कण्हणं हळूहळू विरलं, छातीतला खड्डा उथळ झाला. सुयोगचा खांदा भरून आला होता. नळी घातली असती तर त्याचं नाव झालं असतं. याला कोण काय म्हणणार?

मुलीच्या आईला व्हीलचेअरवरून आत आणलं.

“डॉक्टर, काय करताय तिला?”

एरवी त्याच्या जिभेवर उत्तर तयार असायचं.

“काही नाही, ताई... धरून बसलोय.”

ती त्याच्या बोटाकडे बघत राहिली.

“बसा धरून,” ती म्हणाली.

फेरी संपवून डॉ. तांबोळी परतल्या, त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्याने मान वळवली नाही.

“मॅडम... अजून किती वेळ धरू?”

“मला काय विचारतोस? या चिमुरडीला विचार.”