माणूस निघालाय

एका तालुक्याच्या गावात वीज कार्यालय होतं. तिथे तक्रारींचा एक फोन होता, आणि तो उचलायला विशाखा घोलप नावाची मुलगी नेमली होती. खरं तर तिला शिव्या खायलाच नेमलं होतं. तारेला हात लावायचा नाही, खांबावर चढायचं नाही, दुरुस्त काही करायचं नाही. फक्त ऐकायचं.

गावाची एक पक्की समजूत होती. वीज गेली की फोनवरच्या माणसाच्या आईबापाचा उद्धार करावा, म्हणजे ती लवकर येते. गिरणीवाला म्हणायचा, "हे दळण तुझ्या डोक्यावर ओतू का?" मंगल कार्यालयाचा मालक म्हणायचा, "तुझ्याही लग्नात असाच अंधार होवो." ज्यांची मालिका बुडाली त्या बायका काय बोलायच्या, ते लहान मुलांच्या देखत सांगता येत नाही.

सगळ्यांत जास्त छळ दिघे गुरुजींचा. हे निवृत्त मुख्याध्यापक. रोज एक फोन ठरलेला. दिवा पिवळा जळतोय, पंखा हळू फिरतोय, खांबावर वेल चढलाय. पण तक्रारीच्या आधी ते दरडावून विचारायचे, "बसून बोलतेस का? उठून उभी राहा आधी!" आणि पहिला आठवडाभर ती वेडी खरंच उभी राहायची. आता गावात सगळे म्हणतात, गुरुजी मनाने फार चांगले. नव्हते. खवट होते. मेलेल्या माणसाला गोड करून सांगायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

एक दिवस विशाखाला रडू आवरेना. तेव्हा कापसे अण्णांनी तिला मंत्र दिला. अण्णा म्हणजे कार्यालयातले सर्वांत जुने. केस पांढरे, कपाळाला गंध, तळहातावर तंबाखू, आणि काम टाळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

"अगं पोरी, लोकांना वीज कुठे हवी असते? उत्तर हवं असतं. 'माणूस निघालाय' म्हण आणि ठेव."

"पण निघालाच नसेल तर?"

"सकाळी घरून तरी निघालाच असेल ना?"

सगळं कार्यालय हसलं. विशाखाही हसली.

मंत्र लागू पडला. 'माणूस निघालाय' म्हटलं की समोरचा विझायचा. थोडा वेळ वाट पाहायचा, मग कंटाळायचा, मग झोपायचा. शिव्या कमी झाल्या. पुढे पुढे तर विशाखाला ऐकावंही लागेना. रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायचा, पलीकडचा आवाज थांबला की तेवढं वाक्य टाकायचं. थोरामोठ्यांनी शिकवलेलं होतं. त्यात पाप कसलं?

भाद्रपदातली एक दुपार. गावात नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. मोठे पुढारी आले होते. वीज कार्यालयाचे साहेब हार घेऊन तिकडे, आणि सगळे लाइनमन तिथल्या रोषणाईवर. अशात वारा सुटला, पाऊस आला, आणि फोन बोंबलायला लागला.

त्यातच गुरुजींचा फोन आला. आवाज ओळखून विशाखाने रिसीव्हर लांब धरला. त्या दिवशी गुरुजींनी तिला उभं राहायला सांगितलं नाही. एवढ्यावरून तरी कळायला हवं होतं. पण ऐकत होतं कोण?

"...नक्की ना?" एवढं शेवटचं तिच्या कानावर पडलं.

"हो गुरुजी. माणूस निघालाय."

बऱ्याच वेळाने त्याच घरातून पुन्हा फोन आला. या वेळी गुरुजींच्या पत्नी होत्या, इंदूताई. त्या ओरडल्या नाहीत, म्हणून विशाखाने ऐकलं.

"बाळ, तुमचा माणूस कुठवर आलाय गं? शाळेच्या वाटेवर तार तुटून पडलीय ना, तिथे हे केव्हाचे उभे आहेत पावसात. शाळा सुटली तशी पोरांना लांबच्या वाटेने पिटाळलं. मी म्हटलं, घरी चला. तर म्हणाले, ती मुलगी म्हणालीय निघालाय, म्हणजे येईलच. तोवर कुणीतरी राखणीला हवं."

विशाखाने रिसीव्हर ठेवला आणि ती अण्णांकडे धावली.

"अण्णा, शाळेपाशी तार पडलीय. उपकेंद्राला सांगून लाइन बंद करू या."

अण्णांनी तंबाखू मळणं थांबवलं नाही. "सभागृह त्याच लाइनवर आहे. पुढारी भाषणाला उभे, आणि माइक बंद? साहेबांना विचारल्याशिवाय?"

"अहो, तिथे माणूस उभा आहे!"

"उभा आहे ना? मग पडला नाही अजून."

ऐका हं, इथेच गोष्ट आहे. फोन विशाखाच्या पुढ्यात होता. उपकेंद्राचा नंबर तिला पाठ होता. 'लाइन बंद करा', एवढंच म्हणायचं होतं. अण्णांनी काही तिचा हात धरला नव्हता. पण लाइन बंद झाली असती तर अर्धं गाव अंधारात गेलं असतं, आणि मग त्या अर्ध्या गावाचे फोन तिलाच घ्यावे लागले असते. शिवाय नोकरी अजून कायम झालेली नव्हती. तिने नंबर लावला, तो साहेबांचा.

वाजला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी कुणीतरी उचलला. मागे टाळ्यांचा कडकडाट चालला होता.

"साहेब निघालेत," तो इसम म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. साहेब पहिल्या रांगेत बसले होते.

विशाखा परवानगीची वाट पाहत बसली.

तिकडे एका गवळ्याची म्हैस वाट सोडून तारेकडे वळली. गुरुजी ओरडले. आयुष्यभर त्यांच्या ओरडण्याने पोरं थांबत आली होती, म्हैस थांबली नाही. तिला हाकलायला ते दोन पावलं पुढे गेले. जमीन ओली होती. म्हैस गेली आणि गुरुजीही गेले. लाइन बंद झाली ती त्यानंतर. सभागृहातलं भाषण तोवर संपलं होतं.

जिल्ह्याहून चौकशीला अधिकारी आले. आदल्या संध्याकाळी अण्णांनी विशाखाला बाजूला घेतलं. पाठीवरून हात फिरवला.

"पोरी, मुलीसारखी आहेस म्हणून सांगतो. फोन आलाच नव्हता, एवढंच म्हण. म्हातारीने भलताच नंबर लावला असेल, असं आम्ही म्हणू. बाकीचं मी सांभाळतो."

चौकशीच्या खोलीत भिंतीला लागून इंदूताई बसल्या होत्या. विशाखाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. आत आलेल्या मुलीकडे त्यांनी नजर टाकली आणि पुन्हा जमिनीकडे पाहू लागल्या. गावातली कुणीतरी पोरगी असेल.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तार पडल्याची तक्रार आली होती का?"

विशाखाने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी डोळे मिटून हलकेच मान डोलावली, देवळात बसल्यासारखी.

"नाही साहेब," ती म्हणाली. "फोन आला नाही."

इंदूताईंनी मान वर केली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हाच तो आवाज."

सगळ्यांत आधी तोंड उघडलं ते अण्णांनी. डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, "मी हिला किती वेळा सांगितलं साहेब, की पोरी, लोकांचे फोन नीट ऐकत जा. पण हल्लीची मुलं मोठ्यांचं ऐकतात कुठे?"

कार्यालयाच्या साहेबांनी मान हलवली. अधिकाऱ्यांनीही हलवली. विशाखाने काही बोलायला तोंड उघडलं, पण आता तिचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

तात्पर्य: खोटं उत्तर देऊन त्रास टळत नाही, तो भरवसा ठेवणाऱ्याच्या अंगावर जातो. आणि ज्या थोरांनी खोटं बोलायला शिकवलं, ते निस्तरायच्या वेळी आपल्या बाजूला उभे राहतील, ही आशा मूर्खानेच करावी.