कनातीवरचे सिंह

लढाई हरून राजे भूपसिंह जीव मुठीत धरून पळाले आणि त्यांचा जरीकामाचा शाही तंबू शत्रूच्या हाती लागला. आता खापर कुणावर तरी फोडायला हवं होतं. ते फुटलं म्हाताऱ्या सगुणा शिंपिणीवर. तंबूच्या कनातींवरचे, म्हणजे कापडी भिंतींवरचे, सिंह तिनेच भरले होते.

"तुझे सिंह अपशकुनी निघाले!" राजे दरबारात गरजले. "तोडा हिचे हात!"

सगुणाने स्वतःच हात पुढे केले. तंबूच्या पहाऱ्यावर तिचा एकुलता एक लेक लढताना मारला गेला होता. आता तिला भीती कसली राहिली होती?

"तोडा, सरकार. पण माझे सिंह शेवटपर्यंत शत्रूकडे तोंड करून उभे होते. माझा लेकही तसाच उभा होता. मग रणातून पळाले ते पाय सोडून माझे हात का तोडता?"

राजांनी मोजडीतले पाय हळूच सिंहासनाखाली ओढले आणि ते "सोडा तिला" असं पुटपुटले.

सगुणा घरी आली. सवयीने तिने दोन भाकरी थापल्या. हात वाचले होते. पण त्या हातांनी दुसरी भाकरी वाढायची कुणाला?