काटेसावरीच्या मानचिन्हावर रांजण कसा आला

"आठ दिवस! आठ दिवसांत मानचिन्ह झालं नाही, तर काटेसावरीची नगरपालिका बंद! आणि तुमचा आठवडी बाजार माझ्या राजधानीत!"

राजा धुरंधरसिंह गरजला आणि नगराध्यक्ष दाजीबा घाईघाईनं अटी लिहून घेऊ लागले. अटी तरी कसल्या! चिन्हात वस्तू एकच हवी, पण तिच्यात अख्खं गाव आलं पाहिजे. तिच्यात राजाही दिसला पाहिजे, पण त्याची तसबीर काढायची नाही. राजाचं नाक भलतंच मोठं! चिताऱ्यानं ते खरं तेवढं काढलं तर अपमान केला म्हणून फटके, लहान काढलं तर खोटं काढलं म्हणून फटके. आणि वर त्या वस्तूपुढे लहानथोर सगळे वाकले पाहिजेत, तेही कुणी न सांगता!

पालिकेत सभा भरली. "सिंह काढू!" एक सभासद म्हणाले.

"सिंह कुणी बघितलाय इथं?" दारातून आवाज आला. "कुत्री बघितलीत, तीबी पालिकेला धरता येत न्हाईत!"

ती होती येसू कुंभारीण. बाजार गेला तर आपली मडकी कुणाच्या टाळक्यात फोडायची, हे विचारायला ती आली होती. अटी ऐकल्या तशी ती खुदकन हसली.

"दाजीबा, एक बैलगाडी द्या. चिन्ह माझ्याकडं लागलं!"

दाजीबांनी गाडी दिली. दुसरं करणार काय!

आठव्या दिवशी येसूनं दरबारात कापड उलगडलं. त्यावर गेरूनं काढलेला एक रांजण. बस्स!

"हे मानचिन्ह?" राजा ताडकन उठला. "यात गाव कुठंय? मी कुठंय?"

"चित्रातला रांजण रिकामा असतोय, सरकार. खरा बघा की!"

गाडीतून रांजण उतरला. चौकात ठेवून तो काठोकाठ भरला. राजा तरातरा आला आणि आत डोकावायला कमरेतून वाकला. पाण्यात त्याला तोच दिसला, नाकासकट! तेवढ्यात पगडी डुबुककन पाण्यात पडली. दाजीबांनी डोळेच मिटून घेतले.

"सरकार आत दिसले, तसबीर न काढता," येसू म्हणाली. "आणि वाकलातबी, कुणी न सांगता! गावात ज्याला तहान लागती, त्यो असाच वाकतोय आणि आत दिसतोय. म्हंजे अख्खं गाव आलं का न्हाई?"

राजा भिजलेली पगडी हातात घेऊन उभा. सहजासहजी हरेल तो राजा कसला!

"आणि गाढव वाकलं तर?"

"तर गाढव दिसंल, सरकार! पाणी काय दरबारी न्हाई, समोर जो आला त्योच दाखवतंय!"

दाजीबा मनातल्या मनात बाजाराला रामराम करून मोकळे झाले. आणि राजा? आधी त्याचं पोट हललं, मग मिशा, आणि मग तो असा खदखदून हसला की पगडीतलं पाणी दिवाणांच्या अंगावर उडालं!

"शिक्का मारा रे! रांजणच काटेसावरीचं मानचिन्ह! बाजार जागच्या जागी राहील!" राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं. "आणि राज्यातल्या प्रत्येक चावडीपुढे हिच्याच हातचा रांजण ठेवा. पहिला माझ्या दिवाणखान्यात!"