न उघडलेलं अंडं

“...आणि हा कोण टिकोजीराव मला शिकवणार, अंड्यांकडे किती वेळा बघायचं ते?”

शर्वाणीने परीक्षकाचं पत्र टेबलावर आपटलं. अंबर्डेकर सरांचा चहा बशीत सांडला. सरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी ते रोज सकाळी प्रयोगशाळेत येऊन बसत, आणि पीएच.डी.ची पोरं आपली रडगाणी त्यांच्याकडेच नेत.

“काय म्हणतो तो?”

“म्हणतो, अंड्यांतल्या पिल्लांचे मेंदू टोचलेल्या औषधानं नसतील बिघडले, तुमच्या बघण्यानं बिघडले असतील! तीन वर्षं, सर! बाळंतपणाची रजा दीड महिन्यात गुंडाळून आले मी. आणि हा सरळ प्रबंध परत पाठवतो?”

“बघतेस कशी?”

“कवचाला खिडकी पाडून. वर चिकटपट्टी. ती उचलायची, जिचा पुढे मेंदू होतो ती नळी नीट मिटली का बघायचं, परत लावायची.”

“रोज?”

“दोनदा.” मग जरा खालच्या आवाजात, “...कधी तीनदा. आत काही झालं तर कळायला नको?”

झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली दर दहा मिनिटांनी बोट धरणारी बाई ती. अंडी तरी कशी सुटणार होती?

“बिनऔषधाची अंडी ठेवली होतीस?”

“ठेवली ना! पन्नास. एवढी काही ढ नाहीये मी. त्यांनाही बघितलं, अगदी तस्संच.”

“त्यांतली किती बिघडली?”

“बारा.” शर्वाणीने पत्र पालथं केलं. “पण औषधाच्या पन्नासांतली एकोणीस बिघडली! ते नाही दिसत त्याला?”

“म्हणजे औषध नाही, तरी बारा,” म्हणत सर उठले. उबवणीच्या पेटीचं दार उघडून आत वाकले. कोपऱ्यात एक अख्खं अंडं होतं.

“हे?”

“ते जादाचं. त्याला कुणी हातच नाही लावला.”

“किती दिवसांचं?”

“चार.”

“आत कसं आहे?”

“आत्ता सांगते.” तिने चिमटा उचललासुद्धा.

सरांनी दार लावलं आणि त्यालाच पाठ टेकून उभे राहिले.

“सर, सरका ना! उघडल्याशिवाय मला कळणार कसं?”

सर हलले नाहीत.

“म्हणजे तो म्हणतो ते खरं? मग मी तीन वर्षं केलं काय, सर?” तिचा आवाज चिरकला. “बोला ना! काय केलं मी?”

“हळू बोल,” सर म्हणाले. “तुझ्या प्रयोगातलं पहिलं न उघडलेलं अंडं उबतंय.”